हिऱ्यांचं चर्च आणि ८८ सेंटचं घर

जर्मनीत गाडी भाड्याने घ्या आणि कोलोनहून दक्षिणेला सुटा. ऑटोबानच्या बऱ्याच टप्प्यांवर वेगमर्यादाच नाही. ताशी १३० किलोमीटर ही नुसती शिफारस. पण खरी मजा ऑटोबान सोडून गावांत शिरण्यात आहे.

कोलोनचं कॅथेड्रल पाहूनच निघायचं. पायाभरणी १२४८ची, काम पुरं झालं १८८०मध्ये! मधे काम शतकानुशतकं ठप्प होतं आणि अर्धवट मनोऱ्यावरची लाकडी क्रेन हीच शहराची खूण होऊन बसली होती. वाटेतल्या उल्म शहराच्या चर्चचा मनोरा त्याहून उंच, १६१.५ मीटर. पायऱ्या ७६८.

मग नॉर्डलिंगन. हे अख्खं गाव उल्कापाताच्या विवरात वसलंय! आपलं लोणार दोन किलोमीटरच्या आतबाहेर, हे विवर तब्बल २४ किलोमीटर रुंद आणि दीड कोटी वर्षं जुनं. आघाताच्या दाबाने खडकातल्या ग्रॅफाइटचे सूक्ष्म हिरे झाले आणि गावकऱ्यांनी त्याच खडकाचं चर्च बांधलं. हिरे साध्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण भिंतीवरून हात जरूर फिरवा. चंद्रावर जाण्याआधी अपोलो १४चे अंतराळवीर १९७०मध्ये इथे दगडांचा अभ्यास करून गेले.

माझ्या मते या वाटेवरचा सगळ्यात मोलाचा थांबा मात्र ऑग्सबुर्गची फुगराय. याकोब फुगर या धनाढ्य सावकाराने १५२१मध्ये गरजू कॅथलिक रहिवाशांसाठी ही वसाहत उभारली. ती आजही नांदती आहे. घरभाडं वर्षाला ८८ सेंट! वीज-पाणी वेगळं. अट एकच जास्तीची: फुगर कुटुंबासाठी रोज तीन प्रार्थना म्हणायच्या. खर्च निघतो तो मुख्यतः संस्थेच्या जंगलांच्या उत्पन्नातून. दारांवरच्या घंटांच्या मुठी नीट बघा. कुठे तिपानी, कुठे पाइनचं फळ. रस्त्यावर दिवे नव्हते तेव्हा अंधारात चाचपून आपलं घर ओळखण्याची ही सोय. रात्री दहाला फाटक बंद. उशीर झाला की रहिवाशाने पहारेकऱ्याच्या हातावर ५० सेंट ठेवायचे. मोझार्टचे गवंडी पणजोबा इथलेच भाडेकरू.

शेवटी फ्युसेनजवळचा नॉयश्वानस्टाइन किल्ला. दिसायला मध्ययुगीन, बांधकाम १८६९पासूनचं. तो बांधून घेणारा लुडविग राजा १८८६मध्ये वारला आणि काही आठवड्यांतच किल्ला पर्यटकांना खुला झाला. भव्य सिंहासन-दालन आहे, सिंहासन कधी आलंच नाही. आत फक्त ठरल्या वेळेच्या गटफेरीतूनच जाता येतं, तेव्हा तिकीट आधीच काढून ठेवा.