लॉन्सवरचे लग्न आणि पाहुण्यांची प्रकृती

द्राक्षांचा हंगाम आटोपला, हातात चार पैसे आले की आपल्या नाशिक जिल्ह्यात लग्नांची धांदल उडते. गंगापूर रोड असो की आडगावची बाजू, लॉन्स महिनोन्‌महिने आधी ठरलेली असतात. मांडववाला, आचारी, बँडवाला, फोटोग्राफर, सगळ्यांशी चार-चार बैठका होतात. डॉक्टरांशी मात्र कोणी बोलत नाही, आणि बोलण्याचे कारणही नाही म्हणा. पण एप्रिल-मे महिन्यात लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या दवाखान्यात जी गर्दी होते, ती पाहून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट वेळेची. पत्रिकेवर मुहूर्त असतो दुपारी 12 वाजून 35 मिनिटांचा. वरात पारावरून निघते, नाचणाऱ्यांना आवरता आवरत नाही, मग आलेल्या पुढाऱ्यांचे सत्कार, मग त्यांची भाषणे. अक्षता पडेपर्यंत दोन वाजतात. तोवर आजीआजोबा भरजरी कपड्यांत, सकाळच्या एका चहावर, खुर्चीत बसलेले असतात.

आपले शरीर उन्हात थंड राहते ते मुख्यत: घामामुळे. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. चारी बाजूंनी कापडाने बंद केलेल्या मांडवात हजार माणसे बसली की हवा कोंडते, दमट होते आणि घाम वाळण्याऐवजी नुसता ओघळतो. वर प्लॅस्टिकचा कागद किंवा पत्रा असेल तर विचारूच नका. म्हणजे सावली आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. मांडव उंच हवा, निदान दोन बाजूंनी मोकळा हवा, आणि सजावटीच्या झालरी वारा अडवणाऱ्या नकोत.

16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईत खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानावर झाला, हे वाचकांना आठवत असेल. लोक कित्येक तास उन्हात बसले होते. उष्माघाताने 14 जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी पारा 38 अंशांच्या आसपास होता, म्हणजे आपण ज्याला मे महिन्यात फारसे ऊन म्हणत नाही तेवढाच. धोका नुसत्या पाऱ्यात नसतो. किती तास बसलो, पाणी किती प्यायलो, वारा होता की नाही, यावर सारे ठरते.

म्हणून वधूवरांच्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती अशी की, गुरुजींना गोरज मुहूर्त विचारून पाहा. सूर्य कलल्यावर लग्न लावण्याची सोय आपल्या शास्त्रातच आहे. ती कोणी डॉक्टराने शोधून काढलेली नाही. दुपारचाच मुहूर्त निघाला तर वरात लहान करा आणि सत्कार जेवणानंतर ठेवा. पुढारी रागावतील, पण मतांसाठी पुन्हा येतीलच.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणारे, मधुमेही, हृदयविकार असलेले आणि लहान मुले यांना ऊन लवकर बाधते. अशा नातेवाइकांची आधी यादी करा व त्यांना पंख्याजवळ, दाराजवळ बसवा. गोळ्या स्वत:च्या मनाने बंद करू नयेत. आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

एखादे माणूस असंबद्ध बोलू लागले, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, अंग चटका बसावा इतके तापले, तर तो उष्माघात समजावा. ताप 104 अंशांच्या पुढे असतो, पण हा ताप तापाच्या गोळीने उतरत नाही. गोळी शोधत बसू नका. माणसाला सावलीत आडवे करा, जड कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता आणि जोराने वारा घाला. मान, काखा व जांघेत बर्फ कापडात गुंडाळून ठेवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. 108 क्रमांकाला फोन लावायचाच, पण पाणी ओतणे त्यासाठी थांबवायचे नाही. गाडी येईपर्यंतची ती मिनिटेच जीव वाचवतात.

आता पंगतीकडे वळू. उलट्या-जुलाबाचे रुग्ण येतात तेव्हा पहिला संशय बासुंदी, रबडी, पनीर यांवर जातो आणि तो बहुधा खरा असतो. आचाऱ्याच्या किंवा वाढप्याच्या बोटाला पिकलेली जखम असली की त्यातले स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू दुधाच्या पदार्थात उतरतात. उन्हाळ्यात पातेले चार तास बाहेर राहिले की ते जंतू वाढतात आणि विष तयार करतात. पुढची गोष्ट नीट लक्षात घ्या. पुन्हा उकळी आणली तर जंतू मरतात, पण विष तसेच राहते. पदार्थाला वास येत नाही, चव बिघडत नाही, आणि दोन-चार तासांत पंगतच्या पंगत आजारी पडते. तेव्हा दुधाचे पक्वान्न रात्री करून ठेवू देऊ नका, नाहीतर ते बर्फाच्या पेटीत राहील अशी व्यवस्था करा. नाहीतर सरळ जिलेबी ठेवा. आचाऱ्यांचे हात घरातल्या एका जबाबदार माणसाने सकाळीच पाहावेत. यात अपमान कसला?

मठ्ठ्यातला बर्फ हा दुसरा गुन्हेगार. 2018 पासून महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फाला निळा रंग देण्याचा नियम आहे. निळी झाक दिसली तर तो बर्फ पेयात जाता कामा नये. पांढरा दिसला तरी कोठून आला हे विचारावे. सुरक्षित उपाय म्हणजे बर्फ भांड्याबाहेरून लावणे. जारचे पाणी थंड असते, पण थंड म्हणजे शुद्ध नव्हे. टँकरचे पाणी असेल तर त्यात क्लोरीनचे औषध बाटलीवरील प्रमाणाने घालून अर्धा तास ठेवावे.

लॉन्स पाहायला जाल तेव्हा झाडांवर आग्या मोहोळ नाही ना, तेही वर मान करून पाहा. फटाक्यांच्या धुराने मधमाश्या उठतात. डंखानंतर श्वास लागला किंवा ओठ सुजले तर तडक दवाखाना गाठावा.

आणि नवरी. हळदीची जागरणे, उपास, जड शालू आणि पोटात काही नाही, त्यामुळे बोहल्यावर चक्कर येते. मेकअप खराब होईल म्हणून पाणी न देणाऱ्या मावशा मी पाहिल्या आहेत. तिला सकाळी थोडा दहीभात व दर तासाला लिंबू-मीठ-साखरेचे सरबत द्या. नळीने प्यायले की रंगही पुसत नाही.