कोटेशन नसलेला गाडा

निवृत्तीनंतर घरात माझ्या पुस्तकांना जागा उरली नाही. (त्यात माझ्याच कादंबऱ्यांच्या न खपलेल्या प्रती बऱ्याच आहेत, हे आधीच सांगून टाकतो.) ती तीन किलोमीटरवरच्या वाचनालयाला द्यायची ठरली आणि त्यासाठी मी सायकलमागे जोडायचा दोन चाकांचा गाडा करून घेतला. "साठी उलटली की अशी खेळणी सुचतात," सौ. म्हणाली. खरं कारण मी तिला सांगितलं नव्हतं.

१९८९ साली सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बँकेत कर्ज विभाग सांभाळत होतो. १९७२ पासूनच्या विभेदक व्याजदर योजनेत गरिबांना द. सा. द. शे. ४ दराने कर्ज मिळे. एक दिवस टोस्ट-खारी विकणारे एक गृहस्थ समोर बसले. बसले म्हणजे, दोनदा "बसा" म्हटल्यावर खुर्चीच्या कडेला टेकले. कॅरिअरवर पत्र्याची भली मोठी पेटी बांधून ते पाच गावं करीत. "साहेब, पेटी सायकलवर नको, सायकलच्या मागं पायजे," एवढंच त्यांचं म्हणणं. जुनी दोन चाकं, लोखंडी अँगल, वर दोन पेट्या. मी विचारलं, "कोटेशन?" वेल्डिंगवाल्याकडे छापील कागद कुठला असायला! नवी सायकल मागितली असती तर कर्ज लगेच झालं असतं. दुकानदाराचं दरपत्रक आमच्या फायलीतच असे. या गाड्याला अर्जात रकाना नव्हता. मी अर्ज परत केला. नियमानेच केला.

त्यांना काय म्हणायचं होतं ते आता पायडल मारताना कळतं. कॅरिअरवर ४० किलो ठेवले की वजन उंचावर जातं, हॅन्डल हलकं होतं, चढावर पुढचं चाक उचलू पाहतं आणि थांबलं की सायकल आडवी व्हायला बघते. गाड्यात तेच ४० किलो जमिनीलगत, गाड्याच्याच चाकांवर बसतात. सायकलच्या वाट्याला येतो दांडीवरचा थोडासा भार. तेवढा मात्र हवाच. म्हणून जड डबा आसाच्या किंचित पुढे ठेवायचा. मागे गेला तर दांडी वर उचलते आणि मागच्या चाकाची पकड सुटते. दांडी जोडायची तीही खाली, मागच्या चाकाच्या आसाजवळ. मी झाकणाचे दोन प्लास्टिकचे डबे ठेवतो आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळतो. दोरी हादऱ्यांनी सैल पडते, ट्यूब ताणून धरते. वळताना आतलं चाक कोपरा कापतं. सोसायटीची एक कुंडी त्यात गेली. उतारावर फार जपावं लागतं. गाड्याला ब्रेक नाही, तो मागून ढकलतो. वळणावर करकचून ब्रेक दाबला तर सायकलचं बूड बाजूला फेकतो. वेग आधीच मारायचा. चढावर मात्र वजन ते वजनच. तिथे मी निमूट उतरून चालतो.

ते गृहस्थ पुन्हा शाखेत आले तीन महिन्यांनी, बचत खात्यातले पैसे काढायला. डावा हात गळ्यात बांधलेला. उतारावर पेटी एका अंगाला कलली होती. "टोस्टचा चुरा झाला साहेब, त्यो बी विकला," असं सांगून हसले. अर्जाचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. स्लिपवर सही केली आणि पुढचा माणूस बोलावला.

गाडा ताब्यात घेतला त्या दिवशी वेल्डिंगवाल्या पोराने विचारलं, "काका, कागदावर लिहून देऊ का काही?"

नको म्हटलं.