पहाटेच्या हवेचा हिशेब

उत्तनच्या किनाऱ्यावर पौषातल्या एखाद्या पहाटे जो कोणी उभा राहील, त्याला नांगरलेल्या होड्यांवरचे बावटे एकजात समुद्राकडे फडफडताना दिसतील. आणि दुपार कलल्यावर तोच मनुष्य पुन्हा तेथे आला, तर तेच बावटे गावाकडे, म्हणजे पूर्वेकडे, ताणलेले आढळतील. तेथील कोळ्यांना यात नवल वाटण्याजोगे काही नाही. रात्री जमीन समुद्राहून लवकर निवते, तिच्यावरची हवा जड होऊन पाण्याकडे सरकते, हा मतलई वारा. दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यावयास समुद्रावरून येतो तो खारा वारा. शिडाच्या होड्यांच्या काळी मतलईवर बाहेर पडावे आणि खाऱ्या वाऱ्यावर घर गाठावे, असा या किनाऱ्याचा दिनक्रमच होता. मीरा-भाईंदरच्या हवेविषयी लिहावयास बसलो असता मला प्रथम या बावट्यांची आठवण झाली, कारण या शहराच्या हवेचे पुष्कळसे मर्म त्यांच्या त्या वळण्यात आहे, आणि ते ध्यानात न घेतल्यामुळे आपल्यातील अनेक सुज्ञ माणसे आरोग्याच्या हेतूने, नेमाने आणि निष्ठेने, भल्या पहाटे फिरावयास जातात.

पहाटेची हवा शुद्ध असते, हा संस्कार आपल्यावर लहानपणापासून झालेला आहे. ज्या काळी गावाभोवती शेते होती, चुली उजाडल्यावर पेटत होत्या आणि रात्री रस्त्यावरून एखादी बैलगाडी गेली तर गेली, त्या काळी तो खराही होता. आमच्या इमारतीतील सत्तरीच्या घरातले एक निवृत्त गृहस्थ आजही साडेपाचच्या ठोक्याला कानटोपी घालून बाहेर पडतात. गेल्या मार्गशीर्षात त्यांचा खोकला काही केल्या हटेना. कफाचे औषध झाले, वाफ झाली, डॉक्टरांनी पंप दिला, तरी जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबावे लागे. "काका, थंडी आहे तोवर फिरणं थोडं उशिरा ठेवा," असे मी म्हणालो, तर ते म्हणाले, "अहो, धाप लागते म्हणूनच तर फिरतो. तेवढीच तासभर चांगली हवा मिळते." त्यांच्या या उत्तराचा विचार मी बरेच दिवस करीत आहे.

शहराची बैठक पाहावी. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र, पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि दक्षिणेस दहिसरची हद्द, अशा चौकटीत मिठागरे, खाजणे आणि लहान लहान गावे होती. १९८५ साली येथे नगरपालिका आली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. एवढी माणसे एवढ्या थोड्या काळात जेथे राहावयास येतात, तेथे बांधकाम थांबतच नाही. एक इमारत पुरी होते तो शेजारी दुसरीचा पाया खणला जातो. डोंगराच्या पायथ्याने काशिमिऱ्यावरून गुजरातकडे जाणारा महामार्ग आणि तेथेच त्याला मिळणारा घोडबंदर रस्ता, यांवर अवजड वाहनांची रीघ रात्रीही तुटत नाही. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टीलची भांडी घासून चकचकीत करण्याचे काम चालते, आणि त्या घासण्यातून धातूची व घर्षणद्रव्याची बारीक भुकटी उडते. गेली काही वर्षे मेट्रोच्या कामामुळे मुख्य रस्ता उखडलेला राहिला. उत्तनच्या धावगी डोंगरावर शहराचा कचरा जातो, आणि तेथे वेळोवेळी आगी लागलेल्या आहेत. कचरा कुजताना निघणारा मिथेन वायू आतल्या आत धुमसत राहतो, आणि अशा अर्धवट ज्वलनाचा धूर धगधगत्या आगीच्या धुराहून अधिक विषारी असतो.

हे सर्व पावसाळ्यातही चालूच असते. पण तेव्हा नैऋत्येचा वारा आणि पाऊस हवा धुऊन काढतात. खरी अडचण दिवाळीच्या सुमारास सुरू होते. निरभ्र रात्री जमीन भराभर उष्णता टाकते, तिला लागून असलेला हवेचा थर थंड होतो आणि त्याच्या डोक्यावर मात्र ऊबदार थर तरंगत राहतो. एरवी जसजसे वर जावे तसतशी हवा थंड होत जाते, म्हणून खालची हवा वर चढून विरळ होते. येथे क्रम उलटा होतो आणि जड, थंड हवा जागच्या जागी बसून राहते. याला शास्त्रात तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात. भर दुपारी ज्या धुराला विरावयास हजार-दीड हजार मीटर उंचीचे अवकाश मिळते, त्यालाच पहाटे शे-दोनशे मीटर, कधी त्याहूनही कमी, उंचीच्या झाकणाखाली कोंडून राहावे लागते. मतलई वारा वाहतो खरा, पण तो मंद असतो आणि येतो तो महामार्गावरून, वस्तीवरून. सूर्य उगवताच हे झाकण तत्काळ उडते असेही नाही. उलट आठ-नऊच्या सुमारास जमीन तापू लागली की वर साचलेला धूर ढवळून खाली येतो, आणि नेमक्या त्याच वेळी शाळेच्या बसगाड्या, रिक्षा आणि कचेरीला जाणारे लोक रस्त्यावर उतरतात. दुपारी खारा वारा सुटतो तेव्हा कोठे शहर मोकळा श्वास घेते. रात्री समुद्रावर गेलेला धूर काही अंशी त्याच वाऱ्याबरोबर परततो, हेही सांगितले पाहिजे. पण तोवर झाकण उंच गेलेले असते.

अशाच व्युत्क्रमणाने लंडन शहरावर ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत जे ओढवले, ते वैद्यकाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. कोळशाचा धूर धुक्यात कोंडला गेला. प्रथम सुमारे ४,००० जास्तीचे मृत्यू मोजण्यात आले आणि पुढे संशोधकांनी तो आकडा १२,००० च्या घरात नेला. इंग्लंडने १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा केला. मुंबई इलाख्यात धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा त्याच्याही कितीतरी आधी, १९१२ साली, झाला होता. परंतु त्या काळचा धूर डोळ्यांना दिसत असे, चिमणीकडे बोट दाखवून गुन्हेगार ठरविता येत असे. लालबागच्या गिरण्या आणि चेंबूरचे कारखाने यांच्या छायेत राहणाऱ्यांचा खोकला आणि धाप के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात घरोघर तपासणी करून नोंदविली, तेव्हा त्यांच्यापुढे मुख्य शत्रू गंधकाचा वायू होता. आज गिरण्या नाहीत. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या इंधनात गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत दहा भाग, इतके खाली आणले आहे. चिमणीचा काळा लोट दिसत नाही, म्हणून हवा निवळली असे डोळ्यांना वाटते, आणि डोळे येथे फसतात.

आता ज्यांच्याशी गाठ आहे ते कण मोजताना मीटरचा दशलक्षांश भाग, म्हणजे मायक्रॉन, हे माप घ्यावे लागते. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. गॅलरीच्या कठड्यावर ओले फडके फिरविले की जी करडी राड निघते ती मुख्यतः दहा मायक्रॉनच्या वरच्या धुळीची. ती त्रासदायक खरी, पण नाकातील केस आणि घशातील चिकट स्राव तिचा बराच बंदोबस्त करतात. अडीच मायक्रॉन आणि त्याखालील कण या पहाऱ्यातून निसटतात आणि थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. हे वायुकोश कोट्यवधी आहेत; ते उलगडून पसरले तर सुमारे सत्तर चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फूट जागा व्यापतील; मीरा रोडला ज्या घराला 'टू बीएचके' म्हणतात तेवढी. या एवढ्या विस्तीर्ण पडद्याची जाडी एका मायक्रॉनहूनही कमी असते, कारण तिच्यातून प्राणवायूला रक्तात उतरावयाचे असते. त्या वाटेने अतिसूक्ष्म कणही उतरतात. शरीर त्यांना परके समजून दाह उत्पन्न करते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, रोहिण्यांच्या भिंती ताठर होतात. म्हणून हवेच्या प्रदूषणाने होणाऱ्या मृत्यूंत हृदयविकार आणि पक्षाघात यांचा वाटा फार मोठा असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अमेरिकेतील सहा शहरांत हार्वर्डच्या संशोधकांनी ८,००० हून अधिक प्रौढांचा १४ ते १६ वर्षे मागोवा घेतला आणि १९९३ साली दाखवून दिले की, धूम्रपानादी कारणे वजा केल्यावरही सर्वांत मलिन शहरात मृत्यूचे प्रमाण सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी अधिक होते.

आता आमच्या काकांचा हिशेब मांडून पाहू. स्वस्थ बसलेला मनुष्य तासाला साधारण अर्धा घनमीटर हवा घेतो. झपझप चालणारा तिप्पट, म्हणजे दीड घनमीटर. आपल्या देशात चोवीस तासांच्या सरासरीसाठी या सूक्ष्म कणांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम ठरविलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५ ची आहे. हिवाळ्यातल्या एखाद्या पहाटे प्रमाण १२० आहे असे उदाहरणादाखल धरले, तर तासाभराच्या फेरीत १८० मायक्रोग्रॅम कण श्वासावाटे आत जातात. तेच गृहस्थ दुपारी ४० प्रमाणाच्या हवेत घरी बसले असते, तर तासात २० गेले असते. नऊपट! शिवाय धाप लागली की माणूस तोंडाने श्वास घेतो, आणि नाकाचा पहारा तेवढाही उरत नाही.

आणि घरात तरी काय असते? खाडी आणि खाजणे यांच्या शेजारामुळे येथे डास विपुल. संध्याकाळी खिडक्या लावावयाच्या आणि पलंगाखाली कॉइल पेटवावयाची, ही शेकडो घरांतील रीत. त्या हिरव्या वेटोळ्यातून रात्रभर जे सूक्ष्म कण निघतात, ते ७५ ते १३७ सिगरेटींतून निघणाऱ्या कणांएवढे असतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले. ज्या घरात सिगरेटला कधी थारा मिळाला नाही, तेथील तान्हे मूल बंद खोलीत हा धूर घेत झोपते. मच्छरदाणी हा जुना इलाज होता आणि तो आजही उत्तम आहे. ती बांधावयास भिंतीत चार खिळे लागतात, एवढीच अडचण.

हवेचा जो निर्देशांक आपण वर्तमानपत्रात किंवा फोनवर पाहतो, त्याविषयीही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सूक्ष्म कणांपुरता तो चोवीस तासांच्या सरासरीवर बेतलेला असतो. '१०१ ते २००, मध्यम' असा शेरा वाचून मनुष्य निश्चिंत होतो. पण दुपारच्या चांगल्या हवेने पहाटेची वाईट हवा त्या सरासरीत झाकून टाकलेली असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या प्रदेशाच्या हवेची स्वतःहून दखल घेतली आणि बांधकामाभोवती पत्र्यांचे कुंपण, राडारोड्याच्या गाड्यांवर ताडपत्री, पाण्याचे फवारे, असे अनेक हुकूम निघाले. ते आवश्यक होते. मात्र हुकमांत वेळेचा विचार फारसा आढळत नाही, आणि माझ्या मते उणीव तेथेच आहे. डिसेंबर-जानेवारीत शाळेची कवायत सकाळी सातला कशासाठी? मुलांची फुप्फुसे वाढीच्या वयात आहेत. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात हवा जसजशी सुधारली, तसतशी तेथील मुलांच्या फुप्फुसांची वाढही सुधारल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे येथे केलेले श्रम वाया जात नाहीत, याचा दाखला हाती आहे. कवायत दुपारच्या सुट्टीनंतर घेण्यास पैसा लागत नाही, तजवीज लागते.

काकांनी शेवटी थंडीपुरती फिरण्याची वेळ साडेचारवर आणली. उन्हात निर्माण होणारा ओझोन त्या सुमारास अजून रेंगाळत असतो, म्हणून दम्याच्या रोग्याने आणखी थोडे थांबावे, असेही मी त्यांना सांगितले. खोकला एकदम गेला नाही. पण जिन्यात आता ते तिसऱ्या मजल्यावर थांबतात.

मात्र काकांना वेळ बदलता येते; ज्यांना ती बदलता येत नाही असे लोक मी रोज खिडकीतून पाहतो. पहाटे सहाला, झाकण सर्वांत खाली असते त्या घटकेला, सफाई कामगार कोरड्या रस्त्यावर खराटा चालवितात. धुळीचा भपकारा कमरेइतका उठतो, आणि पुढच्या वळणावर कोणीतरी पालापाचोळ्याचा ढीग करून त्याला काडी लावलेली असते. घरातले अंगण आपल्याकडे पाण्याचा हबका मारल्यावाचून कोणी झाडीत नसे. आमच्या गल्लीत झाडावयास येणारी बाई नाकावर पदर घट्ट बांधते आणि सोसायटीच्या नळावरून एक डबा पाणी भरून घेते. आधी हाताने रस्त्यावर शिंपडते, मग खराटा उचलते. हे तिला कोणी सांगितलेले नाही. डबा संपतो तो गल्लीच्या मध्यावर, आणि तेथून पुढे पुन्हा धूळ.