जुनी फ्यूजपेटी बदलताना

जुन्या घरांत दारामागे किंवा जिन्याखाली भिंतीवर एक लाकडी फळी आढळते. तिच्यावर विजेचा मीटर, लोखंडी पेटीतील मेन स्विच आणि पांढऱ्या चिनी मातीचे दोन-चार फ्यूज बसविलेले असतात. कोलकात्यास १८९९ मध्ये आणि मुंबईस १९०५ मध्ये सार्वजनिक वीजपुरवठा सुरू झाला. त्यानंतर अनेक दशके चार दिवे व एक पंखा एवढीच बहुतेक घरांची गरज होती आणि ही मांडणी तिला पुरून उरत असे. आता त्याच फळीवर पाणी तापविण्याचा २,००० वॅटचा बंब, इस्त्री, शीतकपाट व वातानुकूलन यंत्र यांचा भार येतो. एकटा बंबच २३० व्होल्ट दाबावर जवळजवळ ९ अँपियर प्रवाह घेतो.

फ्यूजचे कार्य समजले म्हणजे त्याची मर्यादाही समजते. तारेतून प्रवाह वाहू लागला की ती तापते, आणि प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. हा नियम ज्यूल या शास्त्रज्ञाने १८४१ मध्ये मांडला. फ्यूजची तार मुद्दाम बारीक ठेवलेली असते, हेतू हा की भिंतीतील तार धोक्याच्या मर्यादेपर्यंत तापण्यापूर्वीच ती वितळावी. ५ अँपियरच्या फ्यूजला कल्हई केलेल्या तांब्याची सुमारे ०·२ मिलिमीटर व्यासाची तार लागते. परंतु फ्यूज वारंवार जाऊ लागला की गृहस्थ कंटाळतो आणि हाताशी येईल ती तांब्याची तार गुंडाळून मोकळा होतो. १ मिलिमीटर व्यासाची तांब्याची तार वितळण्यास सुमारे ८० अँपियर प्रवाह लागतो. दिव्याच्या परिपथातील तार तितका प्रवाह सोसू शकत नाही. तेव्हा जळते ती फ्यूजची तार नव्हे, तर भिंतीतील आवरण. आणि ते जळत असताना कोणास दिसतही नाही.

याहून फसवा दोष पुष्कळ जुन्या पेट्यांत असतो. त्यांत फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांवर फ्यूज घातलेला असतो. त्यांपैकी न्यूट्रलवरील फ्यूज गेला की दिवा विझतो, पंखा थांबतो, आणि वीज गेली असे समजून मनुष्य दिव्याच्या खोबणीत बोट घालतो. फेजची तार मात्र जिवंतच असते.

तिसरी उणीव तर फ्यूजच्या स्वभावातच आहे. साठ वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा सुमारे २६० मिलिअँपियर प्रवाह घेतो. याच्या अष्टमांशाहूनही कमी, म्हणजे ३० मिलिअँपियरच्या पुढचा प्रवाह शरीरातून काही काळ वाहिला तर हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. पाच किंवा पंधरा अँपियरच्या फ्यूजला त्याची दखलही घेता येत नाही. भूसंपर्क, म्हणजे ज्यास सर्वजण अर्थिंग म्हणतात, तो असूनही प्रत्येक वेळी भागत नाही. बंबाच्या धातूच्या कवचास फेज लागली आणि जमिनीपर्यंतच्या वाटेचा रोध २० ओहम असला, तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपियरच प्रवाह वाहील. पंधरा अँपियरचा फ्यूज शाबूत राहील, आणि कवच धोकादायक दाबावर तसेच राहील.

नव्या पेटीत या उणिवांवर दोन निरनिराळी साधने असतात, आणि त्यांची गल्लत होता कामा नये. एम.सी.बी. हा स्वयंचलित स्विच तारेचे रक्षण करतो. त्यातील दोन धातूंची जोडपट्टी अतिभाराने तापून वाकते व प्रवाह तोडते. आणि तारांची थेट गाठ पडून प्रवाह एकदम उसळला तर त्यातील विद्युत्‌चुंबक तेच काम क्षणार्धात करतो. आर.सी.सी.बी. हे दुसरे साधन मनुष्याचे रक्षण करते. जाणारा व परतणारा प्रवाह यांची ते सतत तुलना करते आणि तफावत ३० मिलिअँपियर होताच ०·३ सेकंदाच्या आत पुरवठा तोडते. अतिभाराशी त्याला कर्तव्य नाही. शिवाय एका हाताने फेज व दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरणाऱ्याला तेही वाचवू शकत नाही, कारण तेथे तफावतच उत्पन्न होत नाही.

पेटी विकत घेण्यापूर्वी तारा पाहाव्यात. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या तारांवर रबराचे व वर विणलेल्या सुताचे आवरण असे. रबर कालांतराने ठिसूळ होते, आणि तार नुसती वाकविली तरी त्याचे तुकडे गळू लागतात. अशा तारांना नवी पेटी जोडणे म्हणजे कुजलेल्या वाशांवर नवी कौले घालणे होय. तार चांगली असली तरी एम.सी.बी. तिच्या जाडीवरून निवडावा, उपकरणांच्या यादीवरून नव्हे. दिव्यांच्या १·५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेस ६ किंवा १० अँपियरचा, २·५ चौरस मिलिमीटरच्या तारेस १६ अँपियरचा, असे सामान्यतः प्रमाण असते. “वारंवार पडतो” म्हणून १० च्या जागी ३२ अँपियरचा एम.सी.बी. बसविणे आणि फ्यूजला जाड तार गुंडाळणे यांत काडीचाही फरक नाही.

प्रत्यक्ष काम परवानाधारक वीज कंत्राटदाराचे आहे. भारतीय विद्युत नियम, १९५६ यांनी दिवा, पंखा किंवा फ्यूज बदलण्याची मोकळीक ठेवून बाकीचे काम परवान्याच्या कक्षेत आणले होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या विनियमांतही परवान्याची अट आहे. तिच्यामागील कारण साधे आहे. मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून त्या स्विचापर्यंत येणाऱ्या तारा जिवंतच राहतात, आणि पेटी बदलताना नेमक्या त्याच हाताळाव्या लागतात. मीटरपूर्वीचा फ्यूज वीज कंपनीचा असतो व त्यावर तिचे सील असते. म्हणून कंपनीस कळवून पुरवठा तेथूनच तोडून घ्यावा लागतो. त्यानंतरही तारा मृत आहेत हे गृहीत धरत नाहीत. परीक्षक दिवा प्रथम जिवंत ठिकाणी लावून तो पेटतो हे पाहावे, मग कामाच्या तारांवर लावावा, आणि पुन्हा जिवंत ठिकाणी लावावा. मधल्या वेळेत दिवाच बिघडला नाही, याची खात्री शेवटच्या पायरीने होते. ज्या पेचकसात निऑनचा दिवा असतो, तो तार जिवंत असल्याचे सांगू शकतो. पण तो पेटला नाही म्हणून तार मृत ठरत नाही.

पेटी बसली की पुरवठा जोडण्यापूर्वी ५०० व्होल्टच्या मेगरने तारांच्या आवरणाचा रोध मोजतात. तो निदान १ मेगओहम भरावा. जुन्या घरांत पुष्कळदा येथवर सर्व ठीक होते आणि दिवा लावताच आर.सी.सी.बी. पडतो. अशा वेळी साधनास दोष देऊन ते काढून टाकण्याची सूचना येते, आणि ती घातक असते. बहुधा कोणी तरी पूर्वी एका परिपथाचा न्यूट्रल दुसऱ्यास जोडलेला असतो, किंवा न्यूट्रल तार ओलसर भिंतीत जमिनीस लागलेली असते. एकेक परिपथ वेगळा करून तो दोष शोधण्यास कधी कधी सबंध दिवस लागतो. पेटीच्या झाकणावर कोणता एम.सी.बी. कोणत्या खोलीचा हे त्याच वेळी लिहून ठेवावे, आणि आर.सी.सी.बी.वरील चाचणीचे बटन ठरावीक काळाने दाबून पाहावे. ते दाबल्यावर पुरवठा तुटला नाही, तर साधन निकामी झाले असे समजून ते बदलून घ्यावे.