डग्गा कुठं गेला?

गेल्या वर्षी मे महिन्यात नाना सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आले. वय एकोणऐंशी. मिरजेच्या आसपासच्या गावांतून चाळीसेक वर्षं त्यांनी भजना-कीर्तनाला तबल्याची साथ केलेली. आल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारला ते सोफ्यावर टक्क जागे बसले होते. त्यांना बरं वाटावं म्हणून मी ख्यालाचं एक रेकॉर्डिंग लावलं. माझे स्पीकर तसे बरे आहेत, पुस्तकांच्या फळीवर मावणारे, चार इंची. नानांनी दहा मिनिटं मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "गाणारा चांगला आहे रे. पण तबलजी डग्गा घरी विसरून आलाय का?"

तेच गाणं त्याच स्पीकरवर मी आठ वर्षं ऐकत होतो आणि मला काही कमी वाटलं नव्हतं. ह्याचं कारण गमतीचं आहे. मूळ खालचा स्वर ऐकूच आला नाही, तरी त्याच्या वरच्या पटीतले स्वर ऐकून आपला मेंदू तो मनाशी भरून काढतो. त्यामुळे डग्ग्यावर थाप पडली एवढं कळतं, पण तिचा घुमारा पोचत नाही. ज्याचा हात डग्ग्यावर चाळीस वर्षं फिरला आहे, त्याला मात्र असं फसवता येत नाही.

थोडं गणित करू. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज साधारण १३८ हर्ट्झ. त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ वर. चार इंची स्पीकर ऐंशी-नव्वदच्या खाली धापा टाकू लागतो. टीव्हीखालच्या सडपातळ साउंडबारची तर त्याआधीच दमछाक होते. म्हणजे खर्ज आणि डग्ग्याचा तळ आपण पैसे भरून घरी आणतो आणि दारातच ठेवतो.

नानांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. वयानुसार कान जातात ते वरच्या स्वरांपासून. नानांना 'स' आणि 'श' ह्यांतला फरक कळेनासा झालाय, नातीची बारीक आवाजातली बडबड त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तबल्याच्या किनारीचा टणत्कार त्यांच्यासाठी जवळजवळ संपलाय. खालचे स्वर मात्र शाबूत आहेत. म्हणजे त्यांना जे नीट ऐकू येत होतं, नेमकं तेच माझे स्पीकर देत नव्हते. सबवूफर म्हणजे पोरांनी गाडीच्या डिकीत घालून गल्ली हादरवायची वस्तू, हे माझं मत त्या आठवड्यात बदललं.

नवा दहा-बारा इंची सबवूफर शंभर-दोनशे डॉलरच्या आसपास मिळतो. पोल्कचा पीएसडब्ल्यू-१० किंवा डेटनचा सब-१२०० ही त्यातली वर्षानुवर्षं खपणारी नावं. मी गाव बदलणाऱ्या एकाकडून दहा इंची वापरलेला घेतला, सत्तर डॉलरना. खोक्यावरच्या वॉटच्या मोठ्या आकड्याकडे बघू नका, तो बहुधा क्षणभराच्या झेपेचा असतो. सतत किती वॉट देतो, ते विचारा. तुमचा अ‍ॅम्प्लिफायर माझ्यासारखा जुना असेल आणि त्याला सबवूफरसाठी वेगळं भोक नसेल, तर स्पीकरच्या तारा लावायची सोय असलेलाच सबवूफर घ्या. अ‍ॅम्प्लिफायरला जिथं स्पीकर जोडलेत, तिथूनच तारांची आणखी एक जोडी ह्याला जाते.

तो जागेवर बसवणं हे खरं काम. मी आधी तो कोपऱ्यात ढकलला, कारण तिथं तो बायकोच्या नजरेआड राहत होता. आवाज असा आला, की जणू कोणी माठात बोलतंय. खालच्या स्वरांच्या लाटा लांबलचक असतात. ७० हर्ट्झची लाट जवळपास सोळा फूट, म्हणजे आमच्या दिवाणखान्याएवढी. भिंतीवर आपटून ती परत येते आणि येणारी-जाणारी मिळून कुठे दुप्पट होतात, कुठे एकमेकींना खाऊन टाकतात. कोपऱ्यात सगळंच फुगतं.

ह्यावरचा जुना उपाय हास्यास्पद आहे, पण अचूक. सबवूफर उचलून तुम्ही जिथं बसता तिथं, म्हणजे सोफ्यावर ठेवायचा. डग्गा भरपूर असलेलं काहीतरी लावायचं. मग भिंतीच्या कडेकडेनं, कान जमिनीजवळ ठेवून, रांगत फिरायचं. जिथं डग्ग्याचा प्रत्येक स्वर सारखा आणि स्वच्छ ऐकू येईल, तिथं सबवूफर ठेवायचा. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी दिवाणखान्यात रांगत होतो आणि नाना खुर्चीतून सूचना देत होते. आमची जागा सापडली ती खिडकीखाली, कोपऱ्यापासून चारेक फुटांवर.

मग मागची बटणं. क्रॉसओव्हरचं बटण सांगतं, की सबवूफरनं कुठून खालचं काम हाती घ्यायचं. मी ते नव्वदवर ठेवलं. गायकाचा आवाज खिडकीखालून येतोय असं वाटलं, तर ते जास्त वर आहे, खाली आणा. फेजचं बटण दोन्हीकडे करून पाहा आणि डग्गा जिकडे भरीव लागेल तिकडे सोडून द्या. आवाज शून्यापासून वाढवत न्या. सबवूफर वाजतोय हे कळायला लागलं, की थोडं मागं या. आमच्याकडे हे शेवटचं काम नानांनी केलं. मी वाढवलं, की ते म्हणायचे, "चढलाय, उतरव." तबला मिळवताना म्हणावं, तसं.

शेजाऱ्यांचं म्हणाल, तर इथली घरं लाकडाच्या चौकटीवर जिप्समचे पत्रे ठोकलेली. खालचे स्वर त्यातून आरपार जातात. आमच्या सामाईक भिंतीपलीकडची बाई रात्रपाळीची नर्स आहे, दिवसा झोपते. तिला आधीच सांगून ठेवलं, तिच्या वेळा फ्रिजवर लावल्या आणि त्या वेळेत सबवूफर बंद. खाली घडी घातलेली गोधडी टाकल्यानं जमिनीची थरथर कमी झाली, पण हवेतून जाणारं गोधडीला अडत नाही.

प्रत्येक गाण्याला ह्याचा उपयोग होतो असंही नाही. १९२५ च्या आधी कलाकार भोंग्यात गायचे. त्या तबकड्यांवर खालचे स्वर मुळात उतरलेलेच नाहीत, तेव्हा त्या काळची नाट्यपदं लावलीत, तर सबवूफर नुसता बसून राहील. उलट, अजय-अतुलनी 'सैराट'साठी लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित केलेला वाद्यवृंद ऐकला, तेव्हा गाण्याच्या पोटात एवढं काही आहे हे मला पहिल्यांदा कळलं.

ऑक्टोबरात नाना परत जायच्या आधी मी त्यांच्या ट्रंकेतल्या एका कॅसेटची फाइल करून लावली. कुठल्याशा देवळातलं भजन, साथीला नानाच. घरघर, मधेच कुत्र्याचं भुंकणं आणि त्याखाली डग्गा. नानांनी कानातलं यंत्र काढून टीपॉयवर ठेवलं, तळवा सोफ्याच्या हातावर टेकवला आणि शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. गाणं संपल्यावर म्हणाले, "तिसऱ्या कडव्यात मी लय वाढवलीय. बुवा चिडले होते."

सबवूफरचा आवाज त्यांनी ठरवून दिला, तिथं बायकोनं एक लाल टिकली चिकटवलीय. पाहुणे येतात, सिनेमा लावतात, बटण फिरवतात. ते गेल्यावर आम्ही खूण परत टिकलीवर आणतो.