सोबतीने वजन घटविताना

वऱ्हाडातील पाहुणचार पंगतीत दिसतो. "घ्या ना जी, अजून एक," असा आग्रह झाल्यावाचून अमरावती किंवा अकोला जिल्ह्यातील जेवण पूर्ण झाले असे कोणी मानीत नाही. रोडगे आणि वांग्याची भाजी, पुरणपोळीवर तुपाची धार, सणासुदीची सांबारवडी, बाजाराच्या दिवशी गिला वडा आणि शेगावला जाऊन आल्यावर कचोरी हा या प्रदेशाच्या रसनेचा ठेवा होय. पेरणी, डवरणी, निंदण, कापसाची वेचणी अशा कामांत दिवसभर राबणाऱ्या शरीराला हा आहार सहज पचत असे. आज कामाचे स्वरूप पालटले आहे. कार्यालयात खुर्ची, घरी दूरचित्रवाणी आणि या दोहोंच्या मध्ये दुचाकी असा ज्यांचा दिवस जातो, त्यांच्या ताटातून मात्र जुने काहीच कमी झालेले नाही. उलट चार वाजताचा समोसा व दिवसातून पाच-सहा वेळा गोड चहा यांची त्यात भर पडली आहे.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत देशातील २४ टक्के स्त्रिया व सुमारे २३ टक्के पुरुष अतिवजनाचे आढळले. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या फेरीत हेच प्रमाण अनुक्रमे सुमारे २१ व १९ टक्के होते. ग्रामीण भाग यातून सुटला आहे असेही नाही. तेथील जवळजवळ पाचातील एक स्त्री या वर्गात मोडते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने मधुमेहींची संख्या दहा कोटींवर असल्याचे दाखविले. ज्या अमरावती जिल्ह्यात मेळघाटातील बालकांच्या कुपोषणाशी शासनयंत्रणा वर्षानुवर्षे झुंजत आहे, त्याच जिल्ह्याच्या शहरी वस्त्यांत मधुमेहाच्या गोळ्या घरोघरी दिसाव्यात, ही विसंगती प्रशासनात काम करणाऱ्यांना विचारात पाडणारी आहे.

भारतीयांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. आपल्याकडे हातपाय सडपातळ आणि पोट मात्र पुढे आलेले अशी ठेवण पुष्कळ आढळते, आणि पोटाभोवतीची चरबी हीच अधिक घातक असते. म्हणून भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये आपल्यासाठी वेगळ्या मर्यादा सुचविल्या. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता येणारा अंक २३ च्या पुढे गेल्यास अतिवजन व २५ च्या पुढे गेल्यास स्थूलता समजावी. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटीमीटरपर्यंत असावा. शिंप्याकडील फीत यासाठी पुरेशी आहे.

एकट्याचा निश्चय का ढळतो

वजन घटविण्याचा संकल्प दरवर्षी एक जानेवारीस किंवा गुढीपाडव्यास असंख्य लोक करतात, आणि बहुतेकांचा तो पहिल्या लग्नसराईपर्यंतही टिकत नाही. इच्छाशक्तीचा अभाव हे कारण आपण सहज पुढे करतो. परंतु माणूस एकटा जेवत नाही, ही गोष्ट आपण विसरतो. ताटात काय यावे हे घर ठरविते आणि मधल्या वेळी काय खावे हे सहकारी ठरवितात. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावातील रहिवाशांच्या ३२ वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. एखाद्याचा मित्र स्थूल झाला की त्या व्यक्तीची स्थूल होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसून आले. या आकड्याच्या अर्थाविषयी संशोधकांत मतभेद आहेत. तरीही संगतीचा गुण लागतो हे आपल्या वडीलधाऱ्यांना सांगण्यासाठी संशोधनाची गरज पडली नव्हती.

संगतीने जे बिघडते ते संगतीनेच सुधारता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर १९९९ मधील एका प्रयोगात मिळते. रीना विंग व रॉबर्ट जेफ्री या संशोधकांनी १६६ व्यक्तींवर तो केला. एकटे आलेल्या व नेहमीचा उपचार मिळालेल्या गटात ७६ टक्के लोकांनी कार्यक्रम पुरा केला, आणि कमी झालेले वजन चौथ्या महिन्यापासून दहाव्या महिन्यापर्यंत पूर्णपणे टिकविणारे केवळ २४ टक्के निघाले. मित्रांसह आलेल्या आणि परस्परांना आधार देण्याचे शिक्षण मिळालेल्या गटात ९५ टक्क्यांनी कार्यक्रम पुरा केला व ६६ टक्क्यांनी घटलेले वजन टिकविले. वजन उतरविणे त्या मानाने सोपे असते. उतरलेले टिकविणे कठीण, आणि सोबतीचा खरा लाभ तेथेच दिसतो.

आपल्या देशातही याला जवळचा पुरावा आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ नोकरदार पुरुषांपैकी अर्ध्या लोकांना दोन वर्षे भ्रमणध्वनीवर आहार-व्यायामाचे छोटे संदेश पाठविले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार संदेश मिळणाऱ्यांपैकी १८ टक्क्यांना मधुमेह जडला, तर इतरांपैकी २७ टक्क्यांना. चार ओळींचा संदेशही आठवण जागी ठेवतो.

मराठी मुलखातील दोन प्रयोग

मित्रांनी भ्रमणध्वनीवर गट करावा, सर्वांनी एकाच दिवशी आरंभ करावा आणि रोजचा आहार, चालणे व आठवड्याचे वजन एकमेकांस कळवावे, अशा 'आव्हानां'ची प्रथा गेल्या दशकात महाराष्ट्रात चांगलीच रुजली. तिला मोठे रूप देण्याचे श्रेय दोन व्यक्तींकडे जाते, आणि गमतीची बाब अशी की त्या दोघांचा आहारविचार परस्परविरोधी आहे.

पहिल्या प्रयोगाचे मूळ विदर्भातच आहे. नागपूरचे बहुश्रुत नेते कै. डॉ. श्रीकांत जिचकार हे आपल्या व्याख्यानांतून दिवसात दोनच वेळा जेवण्याचा पुरस्कार करीत. २००४ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले. त्यांचा विचार रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पुढे चालविला. कडक भूक लागेल अशा दोनच वेळा जेवावे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवावे, मधल्या वेळी काही खाऊ नये, गोड टाळावे आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे, असा हा मार्ग आहे. पद्धत सोपी असली तरी ती पसरली ती व्हॉट्सॲपवरील विनामूल्य गटांमुळे. गटात येणाऱ्याने आधी वजन व कमरेचा घेर नोंदवावयाचा, उपाशीपोटी इन्शुलिन आणि तीन महिन्यांची सरासरी साखर यांच्या तपासण्या करून घ्यावयाच्या, आणि शंका गटातच विचारावयाच्या, अशी शिस्त त्यात आहे. आधी मोजमाप व मग आरंभ, हा क्रम मला विशेष मोलाचा वाटतो.

दुसरा प्रयोग मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी समाजमाध्यमांवरून बारा आठवड्यांचा एक उपक्रम मांडला. दर आठवड्यास एकच सूचना द्यावयाची आणि ती अंगवळणी पडली की पुढची. पहिल्या आठवड्याची सूचना होती ती दिवसाची सुरुवात चहाऐवजी केळे, भिजविलेले बदाम किंवा मनुका यांनी करण्याची. लाखाहून अधिक लोक त्यात सहभागी झाले. तूप, भात व प्रादेशिक अन्न यांना न भिता थोड्या थोड्या वेळाने खावे, हा त्यांचा आग्रह. यशाचे मापही त्यांनी केवळ वजनकाट्यावर ठेवले नाही. झोप कशी लागते, उत्साह टिकतो का, गोडाची ओढ घटली का, याही गोष्टी त्यांनी विचारल्या.

'दोनदा खावे की दर दोन तासांनी' हा वाद त्या काळात वृत्तपत्रांतून व घराघरांतून रंगला. त्याचा निवाडा करणे या लेखाचे काम नव्हे. पण दोन विरुद्ध मार्गांनी जाणाऱ्या असंख्य लोकांना लाभ झाल्याचे ते स्वतः सांगतात, यावरून एक तर्क करता येतो. दोहोंत समान काय आहे, ते पाहावे. नियम थोडे व स्पष्ट, खाण्याकडे जाणीवपूर्वक लक्ष, आणि आपल्यासारखेच इतरही आजच्या दिवशी हेच करीत आहेत ही भावना. अमरावतीस ही गोष्ट नवी नाही. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी स्थापिलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने शेकडो तरुणांना एका मैदानावर, एका ठेक्यात व्यायाम करावयास शिकविले, आणि १९३६ मध्ये त्याचे पथक बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार दाखवून आले. तालमीत एकट्याने जोर काढणे आणि चौघांत काढणे यांतील फरक तेथील कोणीही सांगेल.

शर्यत झाली की घात होतो

या उपक्रमात खरा धोका शिरतो तो आव्हानाची शर्यत झाली म्हणजे. महिन्यात सर्वाधिक किलो घटविणाऱ्यास बक्षीस, असे ठरले की माणसे वजनाच्या आदल्या दिवशी जेवण व पाणी सोडतात. याने किलोभर वजन खरोखरच कमी भरते, पण ती चरबी नसते. शरीरातील साठीव साखर स्वतःच्या सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवते. उपास घडला की ती साखर संपते आणि पाणीही जाते. दोन जेवणांत ते परत येते. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक, म्हणजे रूढ भाषेतील कॅलरी, असतात. साडेचार किलोमीटर चालण्यात जेमतेम दोनशे-सव्वादोनशे खर्च होतात, आणि दोन कचोऱ्यांनी तेवढे सहज भरून निघतात. तेव्हा आठवड्यास अर्धा किलो हाच प्रामाणिक वेग समजावा. ८० किलोच्या माणसाने चार किलो, म्हणजे पाच टक्के, वजन घटविले व ते राखले तरी रक्तदाब व साखर यांत फरक दिसू लागतो.

मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असणाऱ्याने गटाच्या भरवशावर जेवण वगळणे तर जिवावर बेतू शकते. घाम सुटणे, थरथर, भोवळ ही साखर एकदम उतरल्याची लक्षणे होत. अशा व्यक्तीने आधी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता आणि अठरा वर्षांखालील मुले यांना अशा उपक्रमात घेऊच नये. शिक्षकांना येथे आवर्जून सांगावयाचे ते असे की, वर्गात सर्वांसमक्ष मुलांचे वजन करून अंक वाचून दाखविण्याने एकही मूल सुधारत नाही. स्थूल मूल खेळाच्या तासाला मागे राहू लागते, एवढेच होते. मोठ्यांच्या गटातही ज्याचे वजन वाढले तो आधी गप्प होतो आणि मग गट सोडतो. खरे तर त्या आठवड्यात त्यालाच सोबत हवी असते. म्हणून किलोंचा अंक प्रत्येकाने आपल्यापाशी ठेवावा व गटात रोजची कृती सांगावी, हे बरे. आज किती चाललो, साखरेचे चहा किती झाले, रात्रीचे जेवण किती वाजता आटोपले, एवढे पुरे. गटात भुकटीचे डबे विकणारा कोणी शिरला, तर त्याला नम्रपणे बाहेरची वाट दाखवावी.

स्त्रियांचा प्रश्न थोडा निराळा आहे. घरात स्वयंपाक तिने करावयाचा, सर्वांचे झाल्यावर जेवावयाचे आणि उरलेले वाया जाऊ नये म्हणून तेही संपवावयाचे, ही रीत चालू असता तिने एकटीने कोणत्याही गटात नाव घालून फारसे साधत नाही. घर हाच तिचा पहिला गट व्हावयास हवा. २३ फेब्रुवारी २०२५ रोजी 'मन की बात' या कार्यक्रमात पंतप्रधानांनी प्रत्येकाने तेलाचा वापर दहा टक्के कमी करावा व आणखी दहा जणांना तसे आव्हान द्यावे, असे सुचविले आणि दुसऱ्या दिवशी समाजमाध्यमावर स्वतः दहा नावे जाहीर केली. त्यांत सुधा मूर्ती, श्रेया घोषाल, मनू भाकर ही नावे होती. चौघांच्या घरात महिन्यास चार लिटर तेल लागत असेल तर दहा टक्के म्हणजे ४०० मिलिलिटर, अर्थात सुमारे ३,३०० उष्मांक. माणशी महिन्यास शंभर ग्रॅम वजन. आकडा छोटा आहे, पण वर्षाचा हिशेब सव्वा किलोच्या घरात जातो, आणि कोणास उपाशी राहावे लागत नाही. तेलाची बरणी भरतानाच तिच्यावर खूण करावी म्हणजे हिशेब घरातील सर्वांस दिसतो.

अमरावती ते अकोला

कार्यालय, शाळा किंवा ग्रामपंचायत यांना आरंभ करावयाचा असेल तर एक स्थानिक कल्पना सुचवावीशी वाटते. अमरावती ते अकोला हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे. याच मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर एकपदरी डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण होऊन गिनीज विक्रम नोंदला गेला. रोज साडेचार किलोमीटर चालणारा माणूस तेवढेच शंभर किलोमीटर आपल्या गावातच तेवीस दिवसांत चालून जातो. अमरावतीच्या गटाने अकोल्याकडे व अकोल्याच्या गटाने अमरावतीकडे 'निघावे', आणि बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू असे मुक्काम एकमेकांस कळवावेत. कोण आधी पोचले याला महत्त्व नसावे. सर्व पोचले की परतीचा प्रवास सुरू करावा, म्हणजे उपक्रमास शेवटची तारीखच उरत नाही. चैत्र-वैशाखात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा सूर्योदयापूर्वीच चालणे आटोपावे.

निघण्यापूर्वीची तपासणी गावातच होऊ शकते. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब व रक्तशर्करा तपासणी उपकेंद्रात व प्राथमिक आरोग्य केंद्रात, म्हणजेच आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, विनामूल्य केली जाते. आशा कार्यकर्ती घरी येऊन जे प्रपत्र भरते त्यात कमरेच्या घेराचाही रकाना असतो. सरपंच व सदस्यांनी ग्रामसभेच्या दिवशीच ही तपासणी ठेवली, आणि फितीसमोर पहिल्याने स्वतः उभे राहिले, तर मागून रांग लागण्यास वेळ लागत नाही.