एका बीदरचे चार संघ

पुण्याजवळच्या गहुंज्यावर 11 नोव्हेंबर 2025 रोजी महाराष्ट्र–कर्नाटक रणजी सामना अनिर्णित सुटला. कर्नाटकाच्या 313 धावांना महाराष्ट्राने 300 धावांनी उत्तर दिलं. 13 धावांच्या त्या आघाडीवर कर्नाटकाने 3 गुण खिशात टाकले, महाराष्ट्राला एका गुणावर समाधान मानावं लागलं. त्याआधी 31 ऑक्टोबरला दिल्लीत प्रो कबड्डीच्या अंतिम सामन्यात पुणेरी पलटण दबंग दिल्लीकडून 31-28 अशी हरली. त्याच्याही आधी, 26 ऑक्टोबरला हैदराबादेत, बेंगळुरू टॉर्पेडोजने मुंबई मीटिअर्सला सरळ 3 सेटमध्ये हरवून प्राइम व्हॉलीबॉल लीगचा चषक उचलला. बीदरजवळच्या नौबादमधल्या चाहत्याला या तीन निकालांतला एकही परका वाटत नाही. आनंद आणि हळहळ दोन्ही एकाच घरात, एकाच टीव्हीसमोर होतात.

"तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?" हा प्रश्न पुण्या-मुंबईचे पाहुणे हटकून विचारतात. उत्तर सोपं आहे. 1956 पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर, भालकी, हुमनाबाद, औराद आणि जहीराबाद हे सगळं हैदराबाद राज्यातल्या एकाच बीदर जिल्ह्यात होतं. राज्यपुनर्रचनेत त्याचे तीन राज्यांत तीन तुकडे झाले, सोयरीक मात्र तुटली नाही. मामा उदगीरला, आत्या भालकीला, काका जहीराबादला. 2013-14 च्या रणजी हंगामाचा अंतिम सामना आमच्या लोकांना म्हणूनच अजून आठवतो. कर्नाटक विरुद्ध महाराष्ट्र, आणि मैदान हैदराबादचं! के. एल. राहुलने शतक ठोकलं, कर्नाटक 7 गडी राखून जिंकला. त्याच हंगामात केदार जाधवने महाराष्ट्रासाठी हजारावर धावा काढल्या होत्या. इथल्या घरांत त्या दोघांचंही कौतुक झालं.

कबड्डीत तर सीमा केव्हाच पुसली गेली आहे. पुणेरी पलटणने 1 मार्च 2024 रोजी हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून आपला पहिला प्रो कबड्डी किताब जिंकला, तेव्हा त्यांचे प्रशिक्षक होते कर्नाटकाचे बी. सी. रमेश. अर्जुन पुरस्कार मिळवलेला हा खेळाडू 2019 मध्ये बंगाल वॉरियर्सलाही विजेतेपद देऊन आला होता. 2025 मध्ये ते बेंगळुरू बुल्सकडे आले. रमेश यांच्या संघांची खूण अशी की नाव असलेल्या एका चढाईपटूवर सगळा डाव टाकायचा नाही. कोपरे आणि कव्हर यांची साखळी पक्की करायची, तरुण पोरांवर विश्वास ठेवायचा. पुण्याच्या त्या संघात अस्लम इनामदारसारखा तरुण कर्णधार होता, आणि त्याच्यामागे उभा होता कानडी गुरू. आमच्या भागाला याहून जवळचं उदाहरण कुठलं?

नाव आमचं, मैदान दुसऱ्याचं

व्यावसायिक संघांचं भूगोलाशी नातं किती तकलादू असतं, हे इथून फार स्पष्ट दिसतं. महाराजा ट्रॉफी टी-20 स्पर्धेत आमच्या विभागाचा संघ आहे: गुलबर्गा (म्हणजे आजचं कलबुर्गी) मिस्टिक्स. 2022 मध्ये स्पर्धा सुरू झाली आणि पहिलाच चषक मनीष पांडेच्या नेतृत्वाखाली याच संघाने जिंकला. बेंगळुरू ब्लास्टर्सला अंतिम सामन्यात 11 धावांनी हरवलं. तेव्हा बीदर-कलबुर्गीत जो उत्साह होता तो खरा होता. पण तो चषक आला बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर. स्पर्धेचे सामने 2025 पर्यंत म्हैसूर आणि बेंगळुरू इथेच झाले. 4 जून 2025 रोजी चिन्नास्वामीबाहेर चेंगराचेंगरीत 11 जणांचा जीव गेला आणि त्यानंतर सगळी स्पर्धा म्हैसूरला भरली. नौबादहून म्हैसूर म्हणजे सुमारे 800 किलोमीटर. गुलबर्ग्याच्या नावाचा संघ गुलबर्ग्यात एकही सामना खेळलेला नाही.

उलट नौबादहून हैदराबाद दीडशे किलोमीटरच्या आत. गच्चीबावलीच्या इनडोअर स्टेडियममध्ये 2025 ची सगळी व्हॉलीबॉल लीग झाली. मोठ्या दर्जाचा खेळ डोळ्यांनी पाहायचा तर आमच्या पोरांना तेलंगणाची बस धरावी लागते. हुबळी, शिवमोग्गा, म्हैसूर इथे रणजी सामने होतात, कलबुर्गीच्या वाट्याला काय? संविधानाच्या 371(जे) कलमाने या मागास भागाला शिक्षणात आणि नोकऱ्यांत हक्काचा वाटा मिळाला. खेळातला अनुशेष कुणी मोजायलाच घेतलेला नाही.

खरा घोळ कॉलेजात

तरीही व्यावसायिक संघांबद्दलची तक्रार मी दुय्यम मानतो. पैसा जिथे प्रेक्षक तिथे जाणार. माझं म्हणणं आहे ते कॉलेजच्या खेळाबद्दल, कारण आमचा खरा संघ तिथे घडायला हवा, आणि तिथेच तो फुटतो.

बीदर शहरात शिकणाऱ्या चार मित्रांची कल्पना करा. चौघेही शाळेत एकाच संघातून कबड्डी खेळलेले. पहिला गुरु नानक देव अभियांत्रिकी महाविद्यालयात गेला, त्याचं विद्यापीठ बेळगावचं विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ. दुसरा बीदरच्याच वैद्यकीय महाविद्यालयात, त्याचं विद्यापीठ बेंगळुरूचं राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ. तिसरा नंदीनगरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात. त्याचं विद्यापीठ मात्र बीदरातच, कर्नाटक पशुवैद्यकीय, पशू आणि मत्स्य विज्ञान विद्यापीठ. चौथा साध्या बी. ए.ला, तो बीदर विद्यापीठाचा. एकाच गावातले चार चांगले खेळाडू चार जर्सींत. बीदरचा म्हणून एक कॉलेज संघ पाहायचा म्हटलं तर तो कुठेच नाही.

आता या चौघांत पाचवा मित्र घाला. तो औरादचा आहे आणि जवळ पडतं म्हणून उदगीरला कॉलेजात गेला. त्याचं विद्यापीठ नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. भारतीय विद्यापीठ संघाने आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी देशाचे विभाग पाडले आहेत. कर्नाटक दक्षिण विभागात, तमिळनाडू, केरळ, आंध्र आणि तेलंगणासोबत. महाराष्ट्र पश्चिम विभागात, गोवा, गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशासोबत. प्रत्येक विभागातले पहिले चार संघ अखिल भारतीय फेरीत जातात आणि तिथले पहिले आठ खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेला. म्हणजे औरादच्या पोराची गाठ पुणे, मुंबई, कोल्हापूरशी पडते. बीदरच्या पोराची चेन्नई आणि केरळशी. व्हॉलीबॉलमध्ये चेन्नईचं एसआरएम आणि कालिकत विद्यापीठ हे दक्षिणेतले बालेकिल्ले. त्यांच्यासमोर आमची नवखी पोरं दोन सामन्यांत घरी परततात, आणि मग वर्षभर सामनाच नाही.

इथे एक चांगली गोष्टही सांगायला हवी. पूर्वी बीदरची सगळी पदवी महाविद्यालयं गुलबर्गा विद्यापीठाखाली होती, संघात जागा मिळवायची तर बाकीच्या जिल्ह्यांशी चुरस. आता बीदर विद्यापीठ स्वतंत्र आहे. 2025 च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारच्या उपसमितीने नव्या दहापैकी नऊ विद्यापीठं गुंडाळण्याची शिफारस केली, तेव्हा वाचलं ते एकटं बीदर, कारण संलग्न महाविद्यालयांची संख्या इथे पुरेशी आहे. आपल्या जिल्ह्याच्या नावाची जर्सी घालून आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरण्याची संधी आमच्या पोरापोरींना प्रथमच मिळते आहे. ही संधी कारकुनी सोपस्कारात वाया जाऊ नये.

माती आणि मॅट

जिल्ह्यातली कबड्डी अजून मातीवर वाढते. पहाटे मैदानावर पाणी मारायचं, फक्कीने रेषा आखायच्या, अनवाणी सराव. पुरुषांचं क्रीडांगण 13 बाय 10 मीटर, मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटरवर, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. चढाईपटूला 30 सेकंद. मातीवर तो पायाची बोटं रुतवून उभा राहतो. डाव्या कोपऱ्याने घोट्यावर झडप घातली की पाय घसरतो आणि त्या घसरणीतच निसटायला वाव मिळतो. मॅटवर हे गणित उलटं होतं. रबरी तळव्याचे बूट मॅटला चिकटतात, पाय जागीच अडकतो आणि शरीर पुढे वळतं. सगळा पीळ गुडघ्यावर येतो. मातीवर शिकलेल्या पोराची सवय त्याला मॅटवर दगा देते. गुडघ्याच्या दुखापती इथेच सुरू होतात.

मॅटवरचा खेळ वेगवानही असतो. तीन किंवा कमी बचावपटू असताना केलेली अव्वल पकड जादा गुण देते. व्यावसायिक लीगमध्ये दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरी निर्णायक ठरते. हे डावपेच पोरं टीव्हीवर पाहून पाठ करतात, पण निवड चाचणीच्या दिवशी मॅटवर पहिल्यांदा पाय ठेवतात. मग निवड समितीला पोरगा "अडखळणारा" दिसतो. दोष पोराचा नाही. जिल्ह्यात वर्षभर अंथरलेली, सगळ्या महाविद्यालयांना खुली असलेली एक मॅट हवी, एवढीच ही गोष्ट आहे.

धाराशिवकडे पाहा

"दुष्काळी भागात हे कुठून जमणार?" असं कुणी म्हटलं की मी धाराशिवचं नाव घेतो. पैसा नाही, पाऊस नाही, आणि तरीही खो-खोत त्या जिल्ह्याचा दबदबा. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी वर्षानुवर्षं एकाच मैदानावर मुली घडवल्या. त्यांची शिष्या सारिका काळे 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार होती आणि 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. 2025 च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं. कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे, संघात धाराशिवची अश्विनी शिंदे आणि कर्नाटकाची चैत्रा बी. दोन्ही राज्यांच्या मुली खांद्याला खांदा लावून विश्वविजेत्या झाल्या.

धाराशिवने स्टेडियमची वाट पाहिली नाही. एक खेळ निवडला, एक गुरू टिकला, एक मैदान रोज उघडं राहिलं. बीदरने कबड्डी आणि व्हॉलीबॉल हे दोन खेळ निवडावेत असं माझं ठाम मत आहे. गावोगावी या दोन्हींचे संघ आहेत, जत्रेत-उरुसात सामने होतात, प्रेक्षक बोलवावे लागत नाहीत.

मग करायचं काय? दसरा क्रीडाकूट दर वर्षी तालुक्यापासून जिल्हा, कलबुर्गी विभाग आणि म्हैसूरपर्यंत जातं. त्या स्पर्धेत कॉलेजच्या सीमा आड येत नाहीत. तिथला जिल्हा संघ वर्षभर एकत्र ठेवा, तोच आपला बीदर संघ. बीदर विद्यापीठाने पुढाकार घेऊन उदगीर, निलंगा, जहीराबाद आणि कलबुर्गीच्या महाविद्यालयांना बोलवून दर हिवाळ्यात एक निमंत्रितांची स्पर्धा भरवावी. भारतीय विद्यापीठ संघाचे विभाग बदलणं आपल्या हातात नाही, निमंत्रण पाठवणं आहे. दक्षिण आणि पश्चिम विभागाच्या पोरांना अखिल भारतीय फेरीआधी एकमेकांशी खेळायची दुसरी जागाच नाही; ती जागा बीदर होऊ शकतं. आणि मिस्टिक्सच्या मालकांनी, राज्य क्रिकेट संघटनेने पुढच्या मोसमात निदान एक सराव सामना कलबुर्गीत घ्यावा. तिकीट लावून घ्यावा, आम्ही काढू.

चाहतेही काही देणं लागतात. गहुंज्याचा स्कोअर ज्याला तोंडपाठ आहे, त्याला आपल्या पुतण्याच्या कॉलेजचा सामना कधी आहे हेही माहीत असायला हवं. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना खेळाडूंच्या मित्रांपलीकडे कुणी येत नाही, म्हणून प्राचार्यांना खर्च नकोसा वाटतो आणि वार्ताहरांना बातमी. मैदानाभोवती 200 माणसं उभी राहिली की दोघांचीही भूमिका बदलेल. या महिन्यात आपल्या जवळच्या महाविद्यालयात जा, क्रीडाशिक्षकांना वेळापत्रक विचारा आणि घरातल्या मुलींनाही सोबत न्या.